येसूचा अंतरपाट

एकदा काय झालं, नदीच्या काठी विणकरांचं एक गाव होतं. घरोघरी माग. कोंबडं आरवायच्या आधी मागाची खटखट सुरू व्हायची. त्या गावात भिवबा विणकराची लेक होती, येसू नावाची. दिसायला चांगली, हाताला त्याहून चांगली, पण भारी चोखंदळ. ताटात मोडकं शीत दिसलं तरी बाजूला काढून ठेवायची.

त्या गावची एक रीत होती, बरं का. मुलगी लग्नाची झाली की तिचा अंतरपाट तिनेच विणायचा. स्थळ आलं की घरच्या दोघांनी तो मध्ये धरायचा, आणि मुलीने त्या विरळ कापडातून मुलाला एकदाच बघायचं. मान उभी हलली तर साखर वाटायची. आडवी हलली तर पाहुणे गूळपाणी घेऊन आल्या वाटेने परत.

येसू अठराची झाली आणि अंतरपाट विणायला बसली. मग एका दुपारी दारात एक म्हातारी आली. उन्हाने तोंड सुकलेलं. येसूने तिला तांब्याभर पाणी दिलं, मागाजवळ सावलीत बसवलं. म्हातारी खूश झाली. तिने ओच्यातून सुताची एक गुंडी काढली आणि म्हणाली, “हे सूत यात घाल. मग पलीकडचा माणूस म्हातारपणी कसा होईल, तसा तुला आजच दिसेल. पण पोरी, बघशील तर पुरतं बघ.”

एवढं बोलून ती निघून गेली. येसूने सूत घातलं, आणि शेवटचं वाक्य त्याच दिवशी विसरली.

मग स्थळं यायला लागली. रोज दारात नवी बैलगाडी. शेजारची ठकूमावशी तर कुंपणापाशीच तांदूळ निवडायला बसायची, म्हणजे कोण आलं, कोण गेलं, सगळं दिसायचं.

पहिला आला पाटलाचा मुलगा. उंच, रुबाबदार, पिळदार मिशी. येसूने अंतरपाटातून बघितलं, तर पलीकडे एक ढेरपोट्या म्हातारा तोंड उघडं टाकून घोरतोय. तिने मान आडवी हलवली.

मग दुसरा आला, राजाच्या कचेरीतला कारकून. कुरळे केस, मोत्यासारखं अक्षर. येसूने बघितलं, तर डोकं सोललेल्या नारळासारखं, आणि म्हातारा खोकतोय तो थांबतच नाही. तिने मान आडवी हलवली.

मग तिसरा आला हैबती, रंगाऱ्याचा मुलगा. कोपरापर्यंत हात निळीने निळे झालेले, घासून घासूनही न गेलेले. अंतरपाट धरणाऱ्या मामाच्या हातून एक टोक सुटलं, ते हैबतीने पटकन झेललं, आणि पांढऱ्या कापडावर त्याच्या बोटाचा निळा डाग उमटला. तो ओशाळून हसला. येसूलाही हसू आलं. मन तिथेच हो म्हणत होतं, बरं का. पण तिने अंतरपाटातून बघितलं. एक वाकलेला म्हातारा, हातात वाटी, आणि तोंडाचं पार बोळकं. हसत होता. कुणाकडे बघून हसतोय, वाटी कुणासाठी धरलीय, ते काही तिने बघितलं नाही. बोळकं दिसलं आणि मान आडवी हलली.

ठकूमावशीने कुंपणावरून विचारलं, “अगं, याच्यात काय खोट काढलीस?”

“दात नाहीत त्याला,” येसू म्हणाली.

बत्तीस दातांचा मुलगा नुकताच ठकूमावशीच्या समोरून गेला होता.

मग येसू वीस वर्षांची झाली. तेव्हा आठवड्याला एक गाडी यायची. पंचविशीची झाली, तेव्हा सणासुदीला. तिशी उलटली आणि दारातली गाडीची चाकोरी गवताने भरून गेली. हैबतीचं केव्हाच लग्न झालं होतं, दोन गल्ल्या सोडून त्याचं घर होतं. येसू तिकडून जायचं टाळायची.

मग एकदा एक बिजवर आला. पन्नाशीचा, तीन मुलांचा बाप. या खेपेला येसूनेच अंतरपाट काढला नाही. मान उभी हलवायची, असं तिने आदल्या दिवशीच मनाशी ठरवलं होतं. पण त्यानेच तिला वरून खाली न्याहाळलं आणि भिवबाला म्हणाला, मुलीचं वय जरा जास्तच वाटतं. ठकूमावशीला राहवलं नाही. “आणि तुमची काय काल मुंज झाली?” ती कुंपणावरून म्हणाली. बिजवर गूळपाणीही न घेता गेला. येसू हसली. मग चुलीपाशी गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

मग भिवबा गेला, ठकूमावशी गेली. वर्षं गेली. येसूचे केस पांढरे झाले, पुढचे दोन दातही पडले. तिचा माग मात्र चालू होता. गावातल्या पोरींना ती विणायला शिकवायची.

एक दिवस नदीला पूर आला, नेहमीची वाट बुडाली, म्हणून ती हैबतीच्या गल्लीतून निघाली. ओट्यावर एक वाकलेला म्हातारा बसला होता. हातात वाटी, तोंडाचं बोळकं, आणि हसत होता. येसूचे पाय तिथेच थांबले. अगदी तेच, चाळीस वर्षांपूर्वी बघितलेलं. फक्त आता तिला पुढचंही दिसलं. त्याच्या समोर त्याची बायको बसली होती, तीही बिनदाताची. तो तिला निळ्या बोटांनी पेज भरवत होता. पेज तिच्या हनुवटीवर सांडली, म्हणून दोघं हसत होती.

हैबतीने मान वर केली. “या ना येसूबाई. टेका जरा.”

“नको,” येसू म्हणाली. “सूत भिजत घालून आलेय.”

घरी आली. पेटी उघडली. अंतरपाट मांडीवर घेतला आणि त्या निळ्या डागावर हात ठेवून बसली. तिथे माझीच जागा होती की, तिच्या मनात आलं. मी पुरतं बघितलंच नाही.

मग काय झालं, पुढच्या महिन्यात हैबतीच्या नातीचं, चंपीचं, लग्न ठरलं. मुलगा आधीच पसंत होता, तेव्हा अंतरपाटातून बघणं लग्नातच व्हायचं होतं. ती येसूचीच शिष्या, पण हात भाजला म्हणून अंतरपाट अर्धाच राहिलेला. येसू म्हणाली, माझा घे. देण्याआधी तिने म्हातारीचं सूत एकेक धागा करून उसवून काढलं. सगळं काढलं. डाग तेवढा राहू दिला.

लग्नात चंपीने अंतरपाटातून बघितलं. पलीकडे एक घामाघूम मुलगा उभा होता, मुंडावळी वाकडी झालेली. चंपीने मान उभी हलवली. अक्षता पडल्या. पंगतीत हैबतीच्या बायकोने लाडू चुरून त्याच्या पानात वाढला. येसूने आपला लाडू आपणच चुरला, आणि गोड झालाय म्हणाली.

आणि त्या सुताचं काय झालं म्हणता? तिने त्याची वात वळली आणि दिवेलागणीला देवापुढे लावली. विझेपर्यंत बघत बसली. या खेपेला पुरतं बघितलं.

चंपी सुखात राहिली. हैबती आणि त्याची बायको सुखात राहिली. येसूही राहिली हो, आपल्या मागाशी, आपल्या घरात. आता टाका पाय पांघरुणात, आणि मिटा डोळे.