घरचा की परका?

स्पेनमधल्या एका डोंगराळ गावात रेमेदिओस नावाची विधवा पाव भाजायची. त्या गावची माणसं घरच्यांशी सरळ हुकमाने बोलत: पाणी आण, दार लाव. परक्याकडून मात्र घोटभर पाणी हवं असलं, तरी "जरा पाणी देता का?" असंच विचारत.

एके दिवशी शेजारच्या सुताराची बायको वारली. त्या घरी चूल पेटणार नव्हती, म्हणून रेमेदिओसने त्यांच्यासाठी टोपलीभर पाव भाजले. एवढ्यात गावचे जमीनदार, ज्यांना सारे मानाने डॉन फेर्मिन म्हणत, तिच्या दुकानात शिरले. त्यांच्याकडे त्या दिवशी मेजवानी होती.

"सगळे पाव माझ्या गाडीत भर!" ते गरजले.

रेमेदिओसने हात पुसले. "ये बाबा. बाह्या वर कर आणि ते पीठ मळ."

दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघू लागली.

"मला हुकूम सोडतेस?"

"तूच घरच्यासारखा बोललास. माझ्या घरचं माणूस आधी पीठ मळतं, मग पाव मागतं. परका असशील, तर परक्यासारखं विचार."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. डॉन फेर्मिन लालबुंद झाले. चारचौघांत पीठ मळणं तर शक्यच नव्हतं. शेवटी दातओठ खात ते म्हणाले, "बाई, हे पाव मला देता का?"

"नाही," रेमेदिओस शांतपणे म्हणाली. "हुकमाला नाही म्हणता येत नाही, साहेब. आता तुम्ही विचारलंत, म्हणून सांगते. हे पाव मयताच्या घरासाठी आहेत."

आणि टोपली उचलून ती त्यांच्या रिकाम्या गाडीसमोरून सुताराच्या घराकडे चालू लागली.