वेसरीनं फोडलेली मडकी

लिहिताना काना-मात्रा चुकला असेल तर पोटात घाला. शाळा लवकर सुटली, शब्दही साधेच येतात. गोष्ट मात्र आजी उशाशी बसून सांगायची तशीच आहे.

एकदा काय झालं, एका उंच सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावर, कातळे नावाची माणसं राहायची. अंगानं दगडासारखी राखाडी आणि मनानंही तशीच, बरं का. खाली तळ्यात पाणमाणसं होती, रानात पंखवाले पिसारे होते, बिळांत भुईमाणसं होती. कातळ्यांना तिघांचाही विटाळ. पाणमाणसं म्हणे पोरं गिळतात, पिसारे चोर असतात, भुईमाणसं मेलेलं खातात. कुणी पाहिलं होतं? कुणीच नाही. पण पोर बोलायला लागलं की पहिलं हेच शिकवायचे. आणि त्या तिघांपैकी कुणाचा हात मडक्याला लागला, की म्होरक्या खडप काठीनं ते मडकं फोडायचा.

मडकी घडवायची वेसरी. तीही नाक मुरडायची, खोटं कशाला बोला.

मग एका उन्हाळ्यात सड्यावरचा झरा आटला. तळ्यावर जायचं नाही, असं खडपनं बजावलं. वेसरीची तान्ही टिवली तापानं फणफणली. ओठ सुकले, रडायला आवाज फुटेना. मग वेसरी मडकं घेऊन गुपचूप तळ्यावर उतरली. पाणमाणसांच्या एका म्हातारीनं काही न विचारता मडकं भरून दिलं. वेसरी वर येताच खडपनं काठी घातली. पाणी कातळात जिरलं.

मग वेसरी रानात गेली. पिसाऱ्यांनी ढोलीढोलीतलं पाणी गोळा करून दिलं, मडकं उडत वर पोचवलंसुद्धा. खडपनं तेही फोडलं. लोक बघत राहिले. त्यांचेही घसे कोरडे पडले होते.

मग तिसरं मडकं वेसरीनं बिळाच्या तोंडाशी नेऊन ठेवलं. भुईमाणसांनी जमिनीच्या पोटातलं थंडगार पाणी भरलं आणि जपून जपून सड्यावर आणलं. खडपनं काठी उगारली. वेसरीनं ती हिसकावून घेतली.

"मामा, पोर मरतंय ते दिसत नाही. मडकं बरं दिसतं तुम्हाला."

मग ती घराघरात शिरली. आधी खडपचं मडकं फोडलं, मग शेजाऱ्याचं, मग साऱ्या सड्यावरचं एकेक रिकामं मडकं. बायका म्हणाल्या, हिचं डोकं फिरलंय. ती म्हणाली, घडवली मी, फोडणारही मीच. अंगणं खापरांनी भरली. मग धापा टाकत ती परत आली.

"आता हे एकच उरलंय. बाटलेलं आहे. तहान नसेल त्यानं घरी जावं."

कुणी गेलं नाही. पहिला घोट टिवलीनं घेतला. सगळ्यात शेवटी खडपनं ओंजळ पुढे केली. वेसरीनं त्यालाही पाणी दिलं. काठी दिली नाही.

मग टिवलीचा ताप उतरला, भुईमाणसांनी मडकं पुन्हा पुन्हा भरून आणलं, सड्यावरची सगळी माणसं पोटभर पाणी प्यायली आणि गाढ झोपली. चला, तुम्हीही मिटा डोळे.

आणि वेसरी? दुसऱ्या दिवशी सकाळी ती तळ्याकाठी त्या म्हातारीबरोबर माती तुडवायला बसली. मडक्यांसाठी भुईमाणसं आधीच रांगेत उभी होती, तेवढ्यात खडप मडकं मागायला आला. तिनं मान वर न करता सांगितलं, भुईमाणसांच्या मागे उभे राहा.