लाइट कुठे गेली?

"आता कसली वाट बघायची, अण्णा? लाइट तर गेलीय!"

उन्मेषचा हात उघड्या ॲम्प्लिफायरपासून वीतभर अंतरावर होता.

अण्णा तोरसकर जहाजावरचे निवृत्त वायरलेस ऑपरेटर. वेंगुर्ल्याच्या घरात बसून हॅम रेडिओवर जगभर बोलायचे. उन्मेष इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापक, रेडिओचं लायसन्स नवंकोरं. हा बिघडलेला ॲम्प्लिफायर जो दुरुस्त करील त्यालाच देईन, असं अण्णा बोलून बसले होते. झालं! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

ॲम्प्लिफायर चालू करून दोघं मीटर बघत होते, तोच गावची लाइट गेली. प्राध्यापकांनी लगेच झाकण उघडलं.

"हात मागे घे," अण्णा हळूच म्हणाले.

"का?"

"लाइट गेली म्हणतोस... कुठे गेली?"

उन्मेष हसला. "अण्णा, कपॅसिटर मी पोरांना शिकवतो. त्यात वीज साठते, ठाऊक आहे. पण ती झिरपून जायला रेझिस्टर बसवलेला असतो. एव्हाना सगळं रिकामं झालं असेल."

"आणि तो रेझिस्टरच जळाला असेल तर?"

उन्मेषचा हात मात्र तिथेच. शिकलेल्या माणसाचा हात मागे यायला जरा वेळच लागतो.

"प्लग अजून भिंतीत आहे रे... लाइट परत आली म्हणजे?"

आता हात मागे आला.

अण्णांनी प्लग काढला. मग, धक्का बसलाच तर वीज एका हातातून दुसऱ्या हातात छातीतून जायला नको म्हणून, डावा हात लेंग्याच्या खिशात घातला आणि उजव्या हातात एक लांब, सुकी काठी घेतली. काठीच्या टोकाला तांब्याचा आकडा होता, आकड्याची तार अर्थिंगला जोडलेली.

"बाजूला हो."

आकडा कपॅसिटरला टेकला.

फाड्!

निळा जाळ उडाला. खिडकीतला कावळा ओरडत पळाला.

उन्मेषला कॉलेजातून घरी यायच्या वेळी दारात वाट बघणारी आपली लेक आठवली, आणि चाळिशीच्या त्या माणसाला चक्क रडू फुटलं.

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. थोडं थांबून, उरलीसुरली वीजही जावी म्हणून, त्यांनी आकडा पुन्हा टेकवला. पुन्हा थांबले. शेवटी तो तिथेच अडकवून ठेवला. डावा हात अजून खिशातच होता.

उन्मेषने डोळे पुसले.

"अण्णा... चाळीस वर्षं झाली तुम्हाला यात. अजून भीती गेली नाही तुमची?"

"जाऊ दिली नाही."