ठुमीच्या बोटाची टोपी

एक होती चिचुंद्री. तिचं नाव ठुमी. ठुमी एवढीशी, नाक मात्र लांबलचक!

ठुमीला तीन पोरं. पहिलं पोर आईची शेपटी धरायचं. दुसरं पहिल्याची धरायचं. तिसरं दुसऱ्याची धरायचं. आणि निघायची आगगाडी, तुरुतुरु तुरुतुरु!

त्या दिवशी तळ्याकाठी जत्रा होती. चिंचेच्या झाडाला गुळाची ढेप टांगली होती. बाणाने दोरी तोडायची, गूळ घरी न्यायचा. दिवस बुडायच्या आत!

ठुमीकडे खराट्याच्या काडीचं धनुष्य होतं. बाणही होता. आणि बोटाला कातड्याची इवलीशी टोपी होती. दोरी ओढताना बोट सोलवटतं ना, म्हणून टोपी. जत्रेचा नियमच होता, उघड्या बोटाने बाण मारायचा नाही.

वाटेत ठुमी ओढ्यावर पाणी प्यायला वाकली. टोपी सटकली. डुबुक! गेली वाहून.

"आई, गूळ!" पोरं रडायला लागली. एक रडलं, की तिघं रडायची.

ठुमी गेली साळिंदराकडे, तुरुतुरु तुरुतुरु. साळिंदर म्हणजे साळूमामा मोची. त्याला सुई विकत आणावी लागत नसे. पाठीवरचा काटा उपसला, की झाली सुई!

"साळूमामा, साळूमामा, टोपी शिवा ना!
टोपी माझी वाहून गेली,
टोपीवाचून बाण सुटेना,
बाणावाचून गूळ पडेना,
गुळावाचून पोरं हसेनात!"

साळूमामा म्हणाला, "शिवतो की! पण जाड शिवू, की पातळ? पातळ शिवली, तर बोट सोलवटेल. जाड शिवली, तर बोटाला दोरीच कळणार नाही. गुरुजींना विचार. गुरुजी सांगतील, तर मी शिवीन. नाहीतर नाही!"

ठुमी गेली बगळे गुरुजींकडे, तुरुतुरु तुरुतुरु. गुरुजी तळ्यात एका पायावर उभे होते. पांढरेशुभ्र! गुरुजी बाण मारायला शिकवायचे. स्वतः मात्र त्यांनी एकही बाण मारला नव्हता. कपडे मळतात ना!

"गुरुजी, गुरुजी, जाड की पातळ सांगा ना!
साळूमामा शिवेनात,
टोपी माझी वाहून गेली,
टोपीवाचून बाण सुटेना,
बाणावाचून गूळ पडेना,
गुळावाचून पोरं हसेनात!"

गुरुजींनी डोळे मिटले. गुरुजींनी डोळे उघडले.

"प्रश्न फार मोठा आहे," गुरुजी म्हणाले. "असं तोंडी कसं सांगू? सरपंचबाईंचा ठप्पा आण. सरपंचबाई उठतील, ठप्पा मारतील, तर मी सांगेन. नाहीतर नाही!"

ठुमी गेली सरपंचबाईंकडे, तुरुतुरु तुरुतुरु. सरपंचबाई म्हणजे म्हैस. तळ्याच्या काठी चिखलात बसलेली. ठप्पा म्हणजे तिचा खूर. खूर टेकवला, की झाला ठप्पा. पण त्यासाठी उठावं लागतं. तिथेच तर सगळं अडायचं!

"सरपंचबाई, सरपंचबाई, जरा उठा ना!
गुरुजी सांगेनात,
साळूमामा शिवेनात,
टोपी माझी वाहून गेली,
टोपीवाचून बाण सुटेना,
बाणावाचून गूळ पडेना,
गुळावाचून पोरं हसेनात!"

सरपंचबाईंनी एक कान हलवला. फटक!

"ठप्पा मारू कशावर? बोट दुखतं, अशी वैद्यबुवांची चिठ्ठी आण. वैद्यबुवा लिहितील, तर मी उठेन. नाहीतर नाही!"

आणि सरपंचबाई रवंथ करायला लागल्या. कचरमचर, कचरमचर.

ठुमी गेली वैद्यबुवांकडे, तुरुतुरु तुरुतुरु. वैद्यबुवा म्हणजे कासव. सरपंचबाईंच्या शेजारीच त्यांचा दगड. वैद्यबुवा पाठीच्या आत बसले होते.

"वैद्यबुवा, वैद्यबुवा, चिठ्ठी लिहा ना!
सरपंचबाई उठेनात,
गुरुजी सांगेनात,
साळूमामा शिवेनात,
टोपी माझी वाहून गेली,
टोपीवाचून बाण सुटेना,
बाणावाचून गूळ पडेना,
गुळावाचून पोरं हसेनात!"

वैद्यबुवांनी हळू... हळू... हळू... मान बाहेर काढली.

"दुखतं म्हणतेस? मला दिसायला हवं. माझ्यासमोर बाण मार. दुखलं, तर मी लिहीन. नाहीतर नाही!"

"मारते!" ठुमीने धनुष्य उचललं.

"अगं अगं, थांब! उघड्या बोटाने मारतात का? नियम आहे! टोपी घालून मार."

"टोपीच तर नाही, वैद्यबुवा!"

"मग शिवून घे," वैद्यबुवा म्हणाले. आणि मान आत. सुळकन!

घ्या! आता काय करावं?

सूर्य खाली उतरला. पोरांच्या नाकाला पाणी, डोळ्यांना पाणी. "आई, गूळ!" ठुमीलाही रडू आलं. रडता रडता रागही आला. असा राग आला, की तिचं लांबलचक नाक थरथरलं.

तिथे पळसाचं एक पान पडलं होतं. ठुमीने ते उचललं. बोटाला गुंडाळलं, एक पदर. दोरी ओढली. सोडली. टण्!

"आई गं!" ठुमी ओरडली. एक पदर पातळ झाला.

वैद्यबुवांची मान बाहेर. "दुखलं! मी पाहिलं! लिहितो!" आणि काठावर चिठ्ठी ठेवली.

ठुमीने पान पुन्हा गुंडाळलं, तीन पदर. दोरी ओढली. बोटाला दोरी कळेचना! बाण भलतीकडेच सुटला. फुस्स! तीन पदर जाड झाले. बाण गेला सरपंचबाईंच्या नाकासमोर चिखलात. पचाक!

"हम्माँऽऽ!" सरपंचबाई दचकून उठल्या! पाय पडला चिठ्ठीवर. ठप्प! झाला ठप्पा. चिखल उडाला गुरुजींवर. फच्च!

पांढरे गुरुजी झाले काळे. त्यांनी दुसरा पायही खाली टेकला आणि जोरात ओरडले, "एक पातळ, तीन जाड! दोन पदरी शिवा! केव्हाचा तेच सांगतोय!"

खरं म्हणजे गुरुजींनी आत्ताच सांगितलं. पण असू दे.

पळसाच्या पानाच्या तोवर चिंध्या झाल्या होत्या. तेवढ्यात साळूमामा आला. गुरुजींचं ओरडणं त्याला पार तिकडे ऐकू गेलं होतं! काटा उपसला, कातडं दुमडलं. खुस् खुस्, खुस् खुस्. दोन पदरी टोपी तयार! ठुमीने बोटात घातली. जाड नाही, पातळ नाही. बरोब्बर!

सूर्य अर्धा बुडाला. ठुमीने चिखलातून बाण उपसला. नेम धरला. दोरी ओढली.

सुंईऽऽऽ! तट्! धप्प!

वैद्यबुवांनी लिहिलं,
सरपंचबाई उठल्या,
गुरुजींनी सांगितलं,
साळूमामांनी शिवली,
टोपीने बाण सुटला,
बाणाने गूळ पडला,
गुळाने पोरं हसली!

पण थांबा. भांडण राहिलंय!

"गूळ माझ्या चिठ्ठीने पडला," वैद्यबुवा म्हणाले.

"छट्! माझ्या ठप्प्याने पडला," सरपंचबाई म्हणाल्या.

"अहो, माझ्या शिकवण्याने पडला!" गुरुजी म्हणाले.

चिठ्ठीने! ठप्प्याने! शिकवण्याने! चिठ्ठीने! ठप्प्याने! शिकवण्याने!

 साळूमामा मात्र पोरांशेजारी बसला आणि गूळ चाटायला लागला. ठुमीही बसली. लप लप, लप लप.

शेवटी तिघं थकले. "बरं, ठुमी," तिघं म्हणाले, "आमचा वाटा?"

ठुमीने पाहिलं. पोरांनी पाहिलं. साळूमामाने पाहिलं. ढेप कुठे होती? कुठेच नव्हती!

गूळ संपला, दिवस बुडाला,
पोरांच्या पोटात गोडवा उरला.
आपणही आता डोळे मिटू,
गुरुजींना बसू देत अंग पुसत!