राम-रावण अंगावर मिरवणारा कुंचला

पेट्रोमॅक्सच्या उजेडात दशावतारी नाटकं रंगायची, तेव्हाची गोष्ट. बुधाजी नटाचा तोंड रंगवायचा एक कुंचला होता आणि त्याचा तोरा काय सांगावा! "माझ्या अंगावर राम आहे, रावणही आहे," म्हणत तो कधी धुवून घ्यायचा नाही. रंग साठून त्याचे केस ताठ झाले.

"गालाला टोचतो मेला. फेकून दे," बुधाजी बायकोला म्हणाला. तिने मात्र त्याला खोबरेल चोळलं आणि रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवलं.

"रिठेदादा, माझं सगळं चाललं!" कुंचला कळवळला.

"जाऊ दे," रिठा म्हणाला. "काय उरतं ते बघ."

राम आणि रावण एकाच गढूळ पाण्यात विरून गेले.

उन्हात वाळलेला कुंचला संध्याकाळी बुधाजीच्या गालावर टेकला आणि तिथेच थबकला. गाल उबदार होता, आणि रंगमंचावर जायच्या भीतीने बारीक थरथरत होता. इतकी वर्षं देव रंगवले, पण त्यांच्याखाली माणूस असतो, हे त्याला आज पहिल्यांदा कळलं.