फुटलेल्या धरणावरची भाकरी

एकदा एका वृद्ध राजाला प्रश्न पडला, की आपल्यामागे राज्य कोणी सांभाळावे. हा प्रश्न राजांना सहसा उशिराच पडतो. त्याला मूलबाळ नव्हते. तेव्हा त्याने ठरवले, की प्रांतांचा कारभार पाहणाऱ्या अधिपतींपैकीच एकाला उत्तराधिकारी नेमावे आणि निवड सभेने करावी. सभेत एकच नाव पुनःपुन्हा येत होते, ते दक्षिण प्रांताच्या अधिपतीचे. कोणी म्हणे, त्याच्यासारखा कर्ता पुरुष नाही. कोणी म्हणे, आधी नीट चौकशी करा. अखेर सर्वांनी नगराबाहेरच्या आश्रमातील आचार्यांना गाठले.

आचार्य हसून म्हणाले, "तो माझ्या आश्रमात वाढलेला. माझ्या हातचं जेवलेला. त्याचं नाव निघालं की माझा तराजू आपोआप झुकतो. त्याची पारख मी करू नये. माझा हा शिष्य जाईल, पाहील, आणि सभेत तोच बोलेल. त्याचा शब्द तो माझा शब्द."

शिष्याची छाती फुगली. राज्याचा धनी कोण व्हावा हे आपल्या जिभेवर ठरणार, या विचाराने त्याला धड झोपही लागेना. दुसऱ्याच दिवशी तो निघाला. दक्षिण प्रांतातील अधिकाऱ्यांनी त्याचे उत्तम आगतस्वागत केले. रुंद रस्ते दाखवले, काठोकाठ भरलेला तलाव दाखवला, धर्मशाळा दाखवल्या, गजबजलेला बाजार दाखवला. अधिपती स्वतः भेटला तो साध्या पोशाखात. त्याने आचार्यांच्या गुडघेदुखीची चौकशी केली आणि म्हणाला, "काय हवं ते पाहा, काय हवं ते विचारा."

शिष्याने पाहिले पुष्कळ. विचारले मात्र काहीच नाही.

परत येऊन त्याने आचार्यांपुढे अधिपतीच्या कारभाराचे भरभरून वर्णन केले. शेवटी म्हणाला, "आचार्य, शोधूनही दोष सापडला नाही."

आचार्यांचा चेहरा एकदम उतरला. "एकही नाही?"

"एकही नाही."

"मग तू भलत्याच कोणाला भेटून आलास बाबा. माझा तो पोरगा विहिरीवर गेला की घागर फोडून यायचा. पळत जायचा, पळत यायचा. दम म्हणून नव्हता त्याला. मन सोन्यासारखं, पण घाई! इतका निर्दोष तो कधी झाला?" आणि त्यांनी कोपऱ्यातली काठी उचलली. "चल. गुडघे काय, दुखतातच आहेत."

दोघे पायीच निघाले. प्रांताच्या हद्दीत शिरल्यावर एके ठिकाणी तो सुंदर राजरस्ता नदीकाठ सोडून टेकडीला मोठा वळसा घेत होता. शिष्य त्याच रस्त्याने पुढे झाला. आचार्य तिथेच उभे राहिले.

"गावं नदीकाठी, बाजार नदीकाठी. मग रस्त्यालाच नदीचा असा कंटाळा का आला?" असे म्हणून ते काटेरी झुडपांतून जाणाऱ्या जुन्या गाडीवाटेला लागले.

वाट संपली ती एका धरणापाशी. दोन्ही काठांवरून दगडी भिंत आली होती आणि मधोमध हत्तींचा कळप निघून जाईल एवढे खिंडार होते. भिंतीखाली एक गाव होते, निंबाळे नावाचे. एक म्हातारी दगडावर बसून ज्वारी पाखडत होती. तिचे नाव ठकूबाई.

"आई, हे कोणी बांधलं?" आचार्यांनी विचारले.

"सरकारांनीच. आता हैत त्यांनीच."

"आणि फुटलं कसं?"

"चुना मुरला न्हाई. चुन्याला मुरायला पावसाळा काढावा लागतो, हे कुणाला ठावं न्हाई? त्यांनाबी ठावं होतं. पर राजा बघायला यायचा हुता नव्हं. घाईघाईनं भिंत उभी केली, रंगरंगोटी केली. राजा आला, भिंतीवरनं चालला, शाल दिली, गेला. मग पाऊस आला." म्हातारीने सूप खाली ठेवले. "खालची आळी गेली. माझी सून गेली त्यात."

शिष्याने विचारले, "आणि तुम्ही अधिपतींना क्षमा केलीत?"

"कोण म्हणतं? न्हाई केली. भाकरी घालते तेवढी. परवा या, बघाल."

ते दोघे तिच्या ओसरीवर राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी अधिपती आला आणि त्याच्यामागे प्रांताचे सगळे लहानमोठे अधिकारी आले. वाजंत्री नाही, छत्री नाही. धरण फुटले त्या तिथीला दरवर्षी ही मंडळी येत. खिंडाराच्या तोंडाशी मांडी घालून बसत. गावच्या बायका त्यांच्या हातांवर कडक भाकरी आणि ठेचा ठेवत, आणि मग गाव बोलू लागे. नियम एवढाच, की भाकरी संपेपर्यंत ऐकणाऱ्याने उत्तर द्यायचे नाही. निंबाळ्याच्या बायका काही वेड्या नव्हत्या. त्या भाकऱ्या आठवडाभर आधी थापून वाळवत, म्हणजे चावायला वेळ लागावा.

त्या दिवशी ठकूबाई बोलत होती. नव्या पुलाच्या कामावर पुन्हा घाई चालली आहे, असे तिचे म्हणणे होते. पुलाचा अधिकारी लालबुंद होऊन भराभर चावत होता, पण भाकरी काही संपत नव्हती. आणि चावता चावता, निम्म्या वाटेवर कुठेतरी, त्याचा चेहरा पडला. उत्तर द्यायचे ते त्याने गिळले असावे. पुढे तोंड मोकळे झाल्यावर तो एवढेच म्हणाला, "आई, पूल या वर्षी उघडत नाही."

इतक्यात अधिपतीची नजर आचार्यांवर गेली. तो अर्धवट उठला, पण तोंडात घास होता. गुरू समोर उभे आणि नमस्काराचा शब्द काढता येईना! त्याने नुसते हात जोडले आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आले. आता ते गुरू दिसल्याचे की ठेच्याचे, हे सांगणे कठीण. आचार्य मात्र बाळ प्रथमच चालताना पाहावे तसे त्याच्याकडे बघत राहिले.

सगळे पांगल्यावर अधिपती आचार्यांच्या पाया पडला. शिष्याने रागानेच विचारले, "हे तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"विचारलं असतंत तर इथंच घेऊन आलो असतो," अधिपती म्हणाला. "तो वळसा माझ्या माणसांनी घातला, माझ्या प्रेमापोटी. मी तो मोडायला हवा होता. तेही राहिलंच."

दोघे परतीच्या वाटेला लागले. शिष्याला अधिपती फार आवडला होता. अखेर न राहवून तो म्हणाला, "आचार्य, सभेत या धरणाचा विषय काढला तर त्याची निवड बुडेल. तलाव आहे, धर्मशाळा आहेत, तेवढंच सांगू का?"

"नाही," आचार्य म्हणाले. "तलाव सांगू नकोस. धर्मशाळा सांगू नकोस. धरणच सांग. तेवढंच सांग."

शिष्य चकित झाला. स्वतःच्या लाडक्या शिष्याचा असा घात हे का करीत आहेत, ते त्याला कळेना. आचार्यांच्या खांद्यावर एक गाठोडे होते. निघताना ते त्यांनी ठकूबाईकडून मागून घेतले होते.

सभा भरली. राजा सिंहासनावर होता. आचार्यांनी गाठोडे सोडले आणि प्रत्येक सभासदाच्या हाती कडक भाकरीचा तुकडा ठेवला. "आधी एवढं खावं, अशी विनंती आहे. तुकडा संपेपर्यंत बोलू नये," ते म्हणाले. वृद्ध सेनापती दुसऱ्याचे वाक्य कधी पुरे होऊ देत नसत. त्यांनी तो तुकडा संशयाने उलटसुलट पाहिला, पण आचार्यांचा मान राखून तोंडात टाकला.

शिष्य उभा राहिला. बोलण्याची तयारी त्याने पुष्कळ केली होती, पण आयत्या वेळी तोंडून निघाले ते वेगळेच. तो म्हणाला, "सभाजनहो, आधी माझी चूक. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला दाखवलं तेवढंच पाहिलं आणि निर्दोष म्हणून सांगत आलो. रस्ता वळला तिथं मीही वळलो." मग त्याने धरण सांगितले, चुना सांगितला, ठकूबाईची सून सांगितली, आणि गुरूंपुढेही शब्द काढू न देणारी ती भाकरी सांगितली.

सेनापती दोनदा हात वर करून उठले आणि दोनदा चावत खाली बसले. सभेत नुसता भाकरीचा आवाज येत होता.

मग, बोलायचे नाही असे ठरवूनही, आचार्य बोलले. "याचे गुण तुम्हांला ठाऊकच आहेत. पाऊस चांगला झाला, हाताखाली माणसं चांगली मिळाली, तर तलाव कोणाच्याही काळात भरतो. राज्य मोठं झालं की चूकही मोठी होते. ती करणार नाही असा माणूस मी पाहिलेला नाही. तुमच्यापुढं ज्यांची नावं आहेत, त्या प्रत्येकाचं कुठंतरी एक फुटलेलं धरण असेल. प्रश्न एवढाच, की तो त्याच्याभोवती वळसा घालतो, की तिथं जाऊन बसतो. ज्या बाईनं त्याला क्षमा केलेली नाही, तिच्या हातची भाकरी तो दरवर्षी खातो आणि खाताना गप्प बसतो. मी त्याला शास्त्रं शिकवली. गप्प बसायला तिनं शिकवलं."

तुकडे संपले होते, तरी कोणी बोलेना. सेनापतीसुद्धा नाही.

सगळ्यांच्या नजरा राजाकडे वळल्या. राजा मान खाली घालून बसला होता. त्या वर्षी त्या भिंतीवरून आपणच चाललो होतो, चुना ओला असेल असे मनात येऊनही शाल आपणच दिली होती, आणि पुढे त्या धरणाचे काय झाले हे कधी विचारले नव्हते, हे त्याला आठवले होते. तो सावकाश सिंहासनावरून उतरला, खाली सभासदांच्या ओळीत येऊन बसला आणि त्याने हात पुढे केला.

"आचार्य," तो म्हणाला, "गाठोड्यात माझ्यापुरता तुकडा उरला आहे का?"

आचार्यांनी अख्खी भाकरी काढून त्याच्या हातावर ठेवली. ती त्यांनी त्याच्यासाठीच राखून ठेवली होती.

धनी निवडण्याची पाळी आपल्यावरही येते. त्याचे भरलेले तलाव अवश्य पाहावेत; पण येताना कोणाला तरी विचारावे, की बाबा, हा रस्ता इथे का वळला?