कट्यार धरलेल्या राजाचे नाणे

पूर्वी सिंधूकाठच्या पुष्कल नगरात राजा धृतवीर्य राज्य करीत असताना बोधिसत्त्व सोनाराच्या कुळात जन्मला. त्याचे नाव सुनेत्र. पारसदेशाची चांदीची नाणी त्या नगरात चालत नसत. व्यापारी ती त्याच्याकडे वितळवायला आणीत.

त्याची पत्नी अमिती पारसदेशाचीच. तिचे वडील तिथल्या टांकसाळीत नाण्यांचे ठसे कोरीत, आणि नाण्यावरच्या धनुर्धारी राजाच्या गुडघ्याखाली स्वतःची खूण म्हणून एक बारीक पान काढीत. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी ते तापाने गेल्याची बातमी आली. तरी नाणी मुशीत पडण्यापूर्वी अमिती ती पाहून घेई. पान दिसले की ते नाणे थोडा वेळ मुठीत धरी आणि मग परत देई.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी एकदा अमिती नदीवर गेली असताना सुनेत्राच्या हाती वेगळेच नाणे आले. राजाच्या एका हातात धनुष्य, दुसऱ्यात कट्यार.

"हा नव्या राजाचा ठसा," तांड्याचा प्रमुख वल्लिक म्हणाला. "गेल्याच वर्षी निघाला."

सुनेत्राने नाणे उजेडात धरले. गुडघ्याखाली पान होते. म्हणजे म्हातारा सासरा जिवंत होता.

मूस तापली होती. 'हे कळले तर ती जाईल,' त्याच्या मनात आले. 'आई अंथरुणाला खिळलेली, मला सोबत जाता येणार नाही.' त्याचा हात मुशीवर गेला, थांबला आणि मागे आला.

अमिती परतल्यावर त्याने नाणे तिच्या तळहातावर ठेवले.

"आर्य, हे वितळले असते तर मला कधीच कळले नसते."

"मला कळले असते," तो म्हणाला. "वल्लिक परवा निघतो आहे."

"आणि आपण?"

"आई आहे तोवर इथेच."

अमिती वल्लिकाच्या तांड्याबरोबर गेली. दोन वर्षांनी वल्लिकाने तिचा निरोप आणला: वडिलांची दृष्टी गेली आहे, ते आहेत तोवर येणे होणार नाही.

ती गेल्याच्या अकराव्या वर्षी आई वारली. सुनेत्र त्याच आठवड्यात पश्चिमेला निघाला. तो पोचला तेव्हा अमिती वारल्याला चार महिने झाले होते.

"संध्याकाळ झाली की ती वेशीपाशी जाऊन बसे," आंधळा म्हातारा म्हणाला. "पूर्वेकडच्या."

सुनेत्र तिथेच राहिला. म्हाताऱ्याला शेवटपर्यंत त्यानेच भरवले.

ही कथा सांगून शास्ते, भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची अमिती ही आजची भिक्षुणी सुव्रता, तिचे वडील म्हणजे स्थविर कुंडक, आणि सुनेत्र मी होतो. ज्या सत्याने आपलेच घर रिते होणार, तेही त्याने लपवले नाही. ही सत्यपारमिता."